थंड खोलीचा हिशेब

चेन्नई शहराच्या पश्चिमेस अण्णा नगर नावाची मोठी वसाहत आहे. १९६८ साली येथे जागतिक व्यापार प्रदर्शन भरले होते. त्या वेळी बांधलेला मनोरा तेथील उद्यानात अजून उभा आहे, आणि परगावचा पाहुणा आला की त्याला तो दाखविण्याचा रिवाज आहे. नोकरीच्या निमित्ताने गेली काही वर्षे मी ह्या वसाहतीत राहतो. माझे कार्यालयही घरापासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर आहे.

मे महिन्याच्या आरंभी येथे ज्याला ‘अग्निनक्षत्र’ म्हणतात तो काळ सुरू होतो. उन्हाची धग आपल्या विदर्भातल्याइतकी नसेल. परंतु समुद्राची दमट हवा तिच्या जोडीला असल्यामुळे सकाळी नऊलाच सदरा पाठीला चिकटतो. अशाच एका सकाळी कार्यालयात पाऊल टाकतो तो आमच्याकडील एक तरुण तंत्रज्ञ स्वेटर अंगात चढवीत असलेला दिसला. तो सर्व्हरच्या खोलीत निघाला होता. त्या खोलीचे तापमान १६ अंश सेल्सिअसवर ठेवलेले होते, आणि तेथे अर्धा तास काम करावयाचे तर स्वेटर हवाच, असे त्याने मला अगदी सहजपणे सांगितले. बाहेर ३८ अंश, आत स्वेटर! आज मी जे बोलणार आहे ते त्या स्वेटरविषयी आहे, असे म्हटले तरी चालेल.

सर्व्हर म्हणजे काय हे आता फारसे समजावून सांगावे लागत नाही. गावच्या चावडीत मिळणारा सातबारा आज ज्या यंत्रातून निघतो, रेल्वेचे आरक्षण ज्यात नोंदले जाते, बँकेचा संदेश जेथून आपल्या हातातील फोनवर येतो, ते यंत्र कोठल्या तरी खोलीत, लोखंडी मांडणीत, रात्रंदिवस चालू असते. अशी हजारो यंत्रे एका छपराखाली आणली की त्याला डेटा सेंटर म्हणतात. आणि दहा-वीस यंत्रे कार्यालयाच्या एका कोपऱ्यात ठेवली की ती झाली सर्व्हरची खोली. अण्णा नगरहून पश्चिमेकडे गेले की थोड्याच अंतरावर अंबत्तूरची औद्योगिक वसाहत लागते. तेथे अलीकडच्या काळात बिनखिडक्यांच्या मोठमोठ्या इमारती उभ्या राहिल्या आहेत. ही डेटा सेंटरे. समुद्रातून येणाऱ्या तारा चेन्नईच्या किनाऱ्याला लागतात म्हणून ती येथे आली. मुंबईच्या किनाऱ्यालाही तशाच तारा लागतात, म्हणून ऐरोली-महापे पट्ट्यात ती त्याहून अधिक आहेत. त्यांच्या मालकांची नावे मी घेत नाही. आकाशवाणीवरून कोणाची जाहिरात होऊ नये, आणि माझ्या विषयाला नावांची गरजही नाही.

मी इतिहासाचा एम. ए. आहे. यंत्रशास्त्राशी माझा संबंध फायलींवर सही करण्यापुरताच. त्यामुळे एक साधी गोष्ट समजायला मला बराच वेळ लागला. विजेच्या पंपाने पाणी वर चढविले तर त्या विजेचा काही अंश पाण्याच्या उंचीत साठून राहतो. सर्व्हर मात्र काही उचलीत नाही, काही हलवीत नाही. त्यात जितकी वीज जाते तितकीच्या तितकी उष्णता होऊन बाहेर पडते. एक किलोवॉट वीज खाणारा सर्व्हर आणि एक किलोवॉटची शेगडी ह्यांत, खोलीच्या दृष्टीने, काडीचाही फरक नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली ‘टिफ्रॅक’ हा आपल्या देशात घडविलेला संगणक कामाला लागला. त्यात सुमारे २,७०० व्हॉल्व्ह होत्या, आणि प्रत्येक व्हॉल्व्ह म्हणजे एक लहानसा तापलेला दिवाच. तेव्हापासून आजपर्यंत संगणकाचा आकार, वेग, किंमत सगळे पालटले. उष्णतेचा हा नियम तेवढा पालटला नाही.

म्हणजे खोली थंड ठेवावी लागते, हे खरे. प्रश्न एवढाच की ती किती थंड ठेवावी, आणि कशी.

आमची खोली १६ अंशांवर का, असे मी विचारले. उत्तर मिळाले, “पहिल्यापासून तशीच आहे.” अधिक खोदून विचारले तेव्हा खरे कारण बाहेर आले. यंत्र तापून बंद पडले तर ज्याच्याकडे खोली सोपविलेली असते त्याला जाब द्यावा लागतो. विजेचे बिल मात्र दुसऱ्या शाखेकडे जाते, तेथून लेखा विभागाकडे जाते, आणि त्यात सर्व्हरच्या खोलीचा वाटा किती हे कोठेच लिहिलेले नसते. सर्व्हर थांबला म्हणून ठपका आलेला कर्मचारी मी पाहिला आहे. वीज वाया गेली म्हणून ठपका आलेला अजून पाहावयाचा आहे. अशा स्थितीत कोणताही शहाणा माणूस १६ अंशच ठेवील. मी त्याच्या जागी असतो तर मीही ठेवले असते. खोली कोणत्या कार्यालयाची हे सांगण्यात हशील नाही. बहुतेक कार्यालयांची ती अशीच असते.

ह्या कोड्याचा पहिला धागा मला सापडला तो शेजाऱ्यांकडे. आमच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहतात. तंजावरकडील मराठी घराण्यातले. पूर्वज एकोजीराजांच्या काळात, म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वी, इकडे आलेले. त्यांची मराठी ऐकताना आपल्याला जुन्या बखरीतील एखादा शब्द अचानक भेटतो. पेरांबूरच्या रेल्वे डब्यांच्या कारखान्यात त्यांनी उभी हयात घालविली, आणि त्यातील पुष्कळ वर्षे वातानुकूलित डब्यांच्या कामात. एका संध्याकाळी गच्चीवर बोलता बोलता मी त्यांना स्वेटरची हकिगत सांगितली. ते हसले नाहीत. त्यांनी विचारले, “अहो, तुमच्या त्या खोलीच्या एसीतून दिवसाला पाणी किती पडते?”

मी म्हणालो, “काका, पाण्याचे काय? दोन बादल्या होतात. आमचा शिपाई ते कुंड्यांना घालतो.”

“दोन बादल्या! आणि खोलीत माणसे किती बसतात?”

“कोणीच नाही.”

“मग सर्व्हरला काय घाम येतो?”

श्रोतेहो, ह्या एका प्रश्नात जेवढे शास्त्र आहे तेवढे मी नंतर वाचलेल्या कितीतरी अहवालांत मला आढळले नाही. सर्व्हर उष्णता देतो, बाष्प देत नाही. खोली नीट बंद असेल तर तिच्यातील हवेतले बाष्प एकदा काढून टाकल्यावर पुन्हा येण्याचे कारण नाही, आणि एसीच्या नळीतून पाणी जवळजवळ पडूच नये. पाणी पडते आहे ह्याचा अर्थ बाहेरची हवा कोठून तरी आत येते आहे. मे महिन्यातील चेन्नईच्या एक घनमीटर हवेत २० ग्रॅमांहून अधिक बाष्प असते. ते थंड नळ्यांवर धरून त्याचे पाणी करावयाचे तर दर लिटरमागे सुमारे दोन तृतीयांश युनिट इतकी उष्णता काढावी लागते. दोन बादल्या म्हणजे ३० लिटर धरले तर २० युनिट उष्णता झाली. आणि एसी एका युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता बाहेर टाकतो असे मानले, तर रोज सहा-सात युनिट वीज आम्ही कुंड्यांना पाणी पुरविण्यासाठी जाळीत होतो. शिवाय जी दमट हवा आत आली ती थंड करण्याचा खर्च निराळा.

दुसऱ्या दिवशी आम्ही खोलीची झडती घेतली. दाराखाली बोटभर फट होती. छताच्या कृत्रिम तक्त्यांवर भिंत पुरी केलेलीच नव्हती; शेजारच्या दालनाची हवा वरून मोकळेपणाने ये-जा करीत होती. तारा आत आणण्यासाठी भिंतीत पाडलेले भोक तारांच्या पाचपट मोठे होते. एका सुताराने आणि एका गवंड्याने मिळून दोन दिवसांत हे सारे बुजविले. आठवडाभराने बादलीत पाण्याचा तळ तेवढा दिसू लागला. कुंड्या सुकू लागल्या अशी तक्रार शिपायाने माझ्याकडे आणली, ती मात्र मी मान्य केली आणि नळाच्या पाण्याची व्यवस्था केली.

ही झाली बाहेरच्या हवेची गोष्ट. आतल्या हवेची गोष्ट त्याहून मजेची आहे. सर्व्हर पुढून थंड हवा ओढतो आणि मागून गरम हवा सोडतो. आमच्याकडे एका रांगेची पाठ दुसऱ्या रांगेच्या तोंडाकडे होती. म्हणजे पहिल्या रांगेने टाकलेला गरम श्वास दुसरी रांग घेत होती. दोन रांगांची तोंडे समोरासमोर आणि पाठी पाठींकडे करावयाच्या, म्हणजे एक बोळ थंड आणि एक बोळ गरम राहतो, ही युक्ति जगात १९९०च्या दशकापासून प्रचारात आहे. आमच्या खोलीपर्यंत ती पोहोचली नव्हती एवढेच. रॅकमधील रिकाम्या जागाही उघड्या होत्या. त्यांतून गरम हवा मागून पुढे येत होती. तेथे पत्र्याच्या साध्या पट्ट्या लावावयाच्या असतात. आमच्या तंत्रज्ञाने प्रारंभी पुठ्ठा लावून पाहिला आणि फरक दिसल्यावर पट्ट्या मागविल्या. पुठ्ठा सर्व्हरच्या खोलीत ठेवू नये, तो आगीला आमंत्रण देतो, हे मी त्याला नंतर सांगितले. पण प्रयोगबुद्धीबद्दल शाबासकी आधी दिली.

एवढे झाल्यावर मग आम्ही तापमानाला हात घातला. अमेरिकेतील वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेने २००८ सालापासून सर्व्हरच्या तोंडाशी १८ ते २७ अंश तापमान योग्य मानले आहे. आपल्याकडील ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे म्हणणे आहे की एसीचे तापमान एका अंशाने वाढविले की त्याची वीज सुमारे ६ टक्क्यांनी वाचते. १ जानेवारी २०२० पासून तारांकित घरगुती एसी कारखान्यातूनच २४ अंशांवर लावून येतात ते ह्याच कारणाने. आम्ही दर आठवड्याला एक अंश, ह्या बेताने चढत गेलो. २२ अंशांवर असताना एका रात्री दोन वाजता तंत्रज्ञाचा फोन आला: सर्वांत वरच्या खणातील एक यंत्र तापल्याची सूचना देत होते. तो म्हणाला, “सर, पुन्हा १६ करू का?” खरे सांगतो, माझ्या तोंडावर ‘कर’ हाच शब्द आला होता. परंतु मी त्याला आधी त्या रॅकमध्ये पाहावयास सांगितले. वरच्या खणाजवळची एक पट्टी दुपारी कोणी तरी तार ओढताना काढली होती आणि परत लावली नव्हती. पट्टी लागली, दहा मिनिटांत सूचना थांबली. १६ अंशांचा उपयोग इतकी वर्षे काय होत होता, ते मला त्या रात्री कळले. अशा साऱ्या निष्काळजीपणावर ते पांघरूण होते.

आता खोली २४ अंशांवर आहे. तंत्रज्ञाचा स्वेटर खुर्चीच्या पाठीवर दिसत नाही.

तोवर थंड हवेकडेच पाहत होतो. उष्णता निर्माण करणाऱ्या यंत्रांकडे पाहण्याचे आम्हाला उशिरा सुचले. जुना सर्व्हर काही काम करीत नसला तरी भरकामाच्या निम्म्याजवळ वीज खातो. आमच्याकडे चार यंत्रे अशी निघाली की ती कोणाची आणि कशासाठी, हे कोणासच सांगता येईना. मी रीतसर परिपत्रक काढले. उत्तर आले नाही. स्मरणपत्र काढले. त्यालाही उत्तर आले नाही. अखेर त्या यंत्रांच्या जाळ्याच्या तारा तेवढ्या काढल्या, वीज चालू ठेवली, आणि कोण ओरडते ह्याची महिनाभर वाट पाहिली. ओरडत आला तो एकच गृहस्थ. त्याच्या एका जुन्या नोंदवहीची प्रत त्यात होती, ती दुसऱ्या यंत्रावर हलविली. चारही यंत्रे बंद झाली.

येथे एका आकड्याविषयी बोलले पाहिजे, कारण ह्या क्षेत्रातील मंडळी त्याचा फार उच्चार करतात. त्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून पी. यू. ई. म्हणतात. इमारतीत शिरणाऱ्या एकूण विजेला प्रत्यक्ष यंत्रांपर्यंत पोहोचलेल्या विजेने भागले की तो येतो. तो १ असेल तर सारी वीज यंत्रांना मिळाली. २ असेल तर यंत्रांना जितकी मिळाली तितकीच थंडावा, पंखे, बॅटऱ्या ह्यांनी खाल्ली. जगातील डेटा सेंटरांची सरासरी २००७ साली २.५ होती, २०२४ साली ती १.५६ होती, आणि त्याआधीची कित्येक वर्षेही ती तेथेच घोटाळत होती. आकडा उपयोगाचा आहे. परंतु समजा, एका खोलीत यंत्रांना १० किलोवॉट लागतात आणि इतर गोष्टींना १०. भागाकार २. आता निरुपयोगी यंत्रे बंद करून यंत्रांचे १०चे ७ केले आणि थंडाव्याचे त्यामुळे १०चे ८.५ झाले. एकूण २०चे १५.५ झाले, बिल जवळजवळ चौथाईने उतरले. पण भागाकार मात्र २.२ झाला, म्हणजे ‘बिघडला’! अशा आकड्यावर बढती ठरू लागली तर रिकामी यंत्रे बंद करावयास कोण धजेल? सरकारी नोकरीत मी आकड्यांची अशी रूपे बरीच पाहिली आहेत. म्हणून आम्ही भागाकार नोंदवीतच नाही. खोलीला स्वतंत्र मीटर बसविला आहे, आणि रोज सकाळी त्यावरील युनिटे एका वहीत लिहितो. ती वही तंत्रज्ञाच्या टेबलावर असते, लेखा विभागात नाही.

अंबत्तूरच्या त्या प्रचंड इमारतींपुढे आमची खोली म्हणजे समुद्रापुढे लोटी. तेथे फटी बुजवा म्हणून सांगावे लागत नाही. ते काम तेथील अभियंते आमच्याहून उत्तम जाणतात. पंख्याचा वेग पाचव्या हिश्शाने कमी केला की त्याची वीज निम्म्यावर येते, असले हिशेब त्यांना तोंडपाठ असतात. त्यांच्यापुढचा पेच निराळा आहे. उष्णता घालविण्याचा विजेच्या दृष्टीने स्वस्त मार्ग म्हणजे पाणी वाफेवर घालविणे. आमच्या बादलीचाच हिशेब उलटा वाचा: एक लिटर पाणी वाफ होऊन गेले की ते दोन तृतीयांश युनिट उष्णता घेऊन जाते. एक मेगावॉट यंत्रांची दिवसाची उष्णता २४,००० युनिट. ती अशी घालवावयाची तर रोज ३५,००० लिटरांहून अधिक पाणी हवे. अंबत्तूरच्या एकेका आवारात असे कित्येक मेगावॉट असतात.

आणि हे कोणत्या गावी? २०१९ साली चेन्नईचे चारही मोठे जलाशय कोरडे पडले. त्या जुलैत जोलारपेट्टैहून पाण्याची आगगाडी आली ती अण्णा नगरला लागून असलेल्या विल्लिवाक्कम स्थानकावर. ५० वाघिणी, प्रत्येकीत ५०,००० लिटर. मिरजेहून लातूरला २०१६ साली गेलेली गाडी ज्यांनी पाहिली असेल त्यांना ते दृश्य वर्णन करून सांगावयास नको. त्यातील एक वाघीण एक मेगावॉट यंत्रांना दीड दिवसही पुरती ना. म्हणून पाणी वाचवावयाचे तर कोरड्या हवेवर चालणारी यंत्रे बसवावी लागतात, आणि ती वीज अधिक खातात. वीज वाचवावयाची तर पाणी. स्वीडन-फिनलंडसारख्या थंड देशांत खिडकी उघडली, समुद्राचे पाणी आत खेळविले, की काम भागते. स्टॉकहोममध्ये तर यंत्रांची ही उष्णता नळांवाटे घरे उबदार करण्यास देतात. चेन्नईत कोणाला ऊब हवी आहे?

वीजही येथे मुबलक पडून राहिलेली नाही. २ मे २०२४ रोजी तमिळनाडूची मागणी २०,८३० मेगावॉटांवर गेली. ह्या राज्यात पवनचक्क्या पुष्कळ आहेत, परंतु वैशाखातील शांत रात्री वारा पडलेला असतो आणि कोळशावरच भिस्त ठेवावी लागते. चेन्नईच्या उत्तरेस एन्नोरची खाडी आहे. औष्णिक केंद्रांची राख त्या खाडीत साचून मासे आणि कोळंबी नाहीशी होत चालली, ही तेथील कोळ्यांची तक्रार वर्षानुवर्षांची असून ती राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत गेली. आमच्या खोलीतील १६ अंशांचा थंडावा त्या खाडीत कोठे तरी मूठ-दोन मुठी राख होऊन पडतच होता.

पुढे काय, हेही थोडक्यात सांगतो. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०२४ साली जगातील डेटा सेंटरांनी सुमारे ४१,५०० कोटी युनिट वीज वापरली. जगाच्या एकूण विजेचा हा सुमारे दीड टक्का झाला, आणि २०३०पर्यंत तो आकडा दुपटीहून अधिक होईल असे तिचे म्हणणे आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कामासाठी जी नवी यंत्रे येत आहेत त्यांचा एक रॅक शंभर किलोवॉटांवर जाऊ शकतो; पूर्वी पाच-सात किलोवॉट म्हणजे पुष्कळ वाटत. इतकी उष्णता हवेने हलत नाही. पाणी तितक्याच आकारमानाच्या हवेच्या सुमारे साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेते. म्हणून आता बंद नळ्यांतून द्रव थेट यंत्राच्या काळजापर्यंत नेतात. हे पाणी वाफ होऊन जात नाही, फिरत राहते, आणि ते बरेच गरम असले तरी चालते, त्यामुळे आपल्या उष्ण हवेतही ते बाहेर निववता येते. अंबत्तूर आणि ऐरोली ह्यांचा पेच काही अंशी त्यातून सुटेल, असे मला वाटते.

आमच्या असल्या खोल्यांचा मात्र सुटणार नाही. नव्या मोठ्या व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा संधारणाची संहिता आहे. तालुक्याच्या सहकारी बँकेत, जिल्हा रुग्णालयात, महाविद्यालयात, जुन्या इमारतीच्या कोपऱ्यात ज्या खोल्या आहेत त्यांच्याकडे कोणती संहिता पाहणार? आपणांपैकी कोणाकडे अशा खोलीची किल्ली असेल तर उद्या सकाळी एसीच्या नळीखालची बादली पाहावी.

आमच्याकडे अजून एक काम राहिले आहे. वीज गेली असता यंत्रे सांभाळणाऱ्या दोन जुन्या यूपीएस आहेत. एक बंद पडली तर दुसरी, म्हणून दोन्ही चालू. आणि चार यंत्रे काढल्यापासून प्रत्येकीवर तिच्या शक्तीच्या पाचव्या हिश्शाइतकाही भार नसतो. इतक्या कमी भारावर जुनी यूपीएस पुष्कळ वीज स्वतःच गिळते. लहान आणि नवी जोडी घ्यावी असा प्रस्ताव मी पाठविला. ‘चालू असलेले साहित्य बदलण्याचे प्रयोजन काय’ असा शेरा होऊन फाइल परत आली आहे. मी तिला मीटरच्या वहीची तीन महिन्यांची पाने जोडून ती पुन्हा वर पाठविली आहे.